मधली

डॉक्टर चांदोरकरांनी डिसोटो घेतली,
कारण डॉज घेतली असती तर समोरचा वैद्य हसला असता
आणि क्रायस्लर घेतली असती तर नारायण पेठ म्हणाली असती,
आता फी वाढणार.
डिसोटो म्हणजे बरोब्बर.
हा त्यांचाच शब्द,
नाडी सोडताना म्हणायचे.

आमचे बाबा, शांतवन रणपिसे,
नाना पेठेत, चर्चमागच्या बोळात गॅरेज.
पाटी कधी लावली नाही.
गाडीच्या नाकावर एका फिरंग्याचं मुंडकं, शिरस्त्राणासकट.
दिवे लावले की तेही आतून पेटायचं,
पिवळं, कावीळ झाल्यासारखं.
बोळातली पोरं सलाम ठोकायची.
बाबा सांगायचे, हा सोनं शोधायला निघाला होता,
सापडलं नाही, तापानं गेला,
त्याच्याच माणसांनी रात्रीतून नदीत सोडला
कुणाला कळू नये म्हणून.
अशाचं नाव गाडीला देतात का?
पण दिलं,
आणि पहिल्याच वर्षी धो धो खपली.

पुढे काय झालं विचाराल
तर तसं काहीच झालं नाही.
एकदा वाऱ्याच्या कलानं पाठ वाकवून पाहिली,
लोकांना ती सुजलेली वाटली.
मग पुन्हा ताठ झाली, क्रोमचे दात दाखवत.
म्हातारपणी शेपटीला कल्ले फुटले.
तोवर खालची बहीण एकेक पायरी चढत आली,
वरची एकेक उतरत,
आणि मधल्या पायरीवर चार पाय.
आम्हा तिघींत मी मधली.
थोरलीचा परकर दुमड उसवून मला,
धाकटीला नवा, कारण तोवर जुना विरलेला.
मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

साठ साली नवं मॉडेल आलं
आणि दीडेक महिन्यात कारखाना थांबला.
नाना पेठेत बातमी पोचायला उन्हाळा उजाडला.
पार्टवाला फिदाअली सायकलवरूनच ओरडला,
शांतवन, तुझी कंपनी मेली!
बाबांनी हातातला प्लग पुसला,
फुंकर मारली,
जागेवर बसवला.

जुलैत पानशेत फुटलं.
दवाखान्यासमोर उभी केलेली गाडी
ओंकारेश्वराच्या अंगाला सापडली,
दारांपर्यंत गाळ, मागच्या सीटवर
कुणाचा तरी पाट आणि एक उलटी कासंडी.
लष्कराच्या ट्रकनं बोळाच्या तोंडाशी आणून टाकली.
अकरा आठवडे बाबा ती खोलत होते.
मी नऊ वर्षांची,
डालड्याच्या डब्यात रॉकेल, रॉकेलात स्क्रू,
लहान इकडे, मोठे तिकडे,
कुठलेच नाहीत असे तिसऱ्या डब्यात.
पिस्टन डॉजचे घातले, बेअरिंग प्लिमथची.
चालतील का, मी विचारलं.
बहिणींचीच तर आहेत, बाबा म्हणाले.

चालली. अठरा वर्षं चालली,
जिला बनवणारं कुणी उरलं नव्हतं ती.
बाळंतिणी आणल्या, एकदा मिरवणुकीत नवरदेव,
एकदा डॉक्टरांनाच ससूनला नेलं.
फक्त ते मुंडकं पुन्हा पेटलं नाही.
बाबांनी वायर तीनदा बदलली.
डॉक्टरांच्या मुलानं फिएट घेतली
आणि ही वजनावर गेली.
वजन चांगलं भरलं म्हणे.

परवा बुधवारी जुन्या बाजारात
पितळी नळ आणि टाइपरायटरच्या किल्ल्यांमध्ये
शिरस्त्राण दिसलं. नाक थोडं उडालेलं.
आमचंच असेल असं नाही.
ह्यो कुठल्यातरी किल्ल्यावरचा सरदार हाय बघा मावशी,
पोरगा म्हणाला, दोन हजार.
मी म्हटलं, दोनशे.
अकराशेला तुटलं.
बरोब्बर.

घरी नळाखाली धरलं, साबण लावला.
आधी काही नाही.
मग कानामागच्या भेगेतून
जरा वेळानं
गढूळ पाणी.